बांधावरची चिंधी

१९ नोव्हेंबर

आज मी सगळ्यांसमोर हात वर केला, आणि तो कशासाठी केला हे कुणालाही कळलं नाही. बरं झालं.

शाळेच्या खोलीत सभा होती. किडींचा अभ्यास करणारी एक तरुण बाई आली होती. सगळे तिला लगेच कीडवाली म्हणायला लागले. गव्हावर ठरलेल्या तारखांना औषध मारत सुटू नका, आधी शेतात फिरा, किडे मोजा, मर्यादेच्या वर गेले तरच मारा, असं तिचं म्हणणं. या हंगामात एखादं शेत असं करून बघायला कोण देणार, असं तिने विचारलं तेव्हा सगळे आपापल्या चपला बघायला लागले. माझा दीर मागच्या बाकावर बसला होता. तो म्हणाला, किडे मोजत बसलो तर दाणे कोण मोजणार. खोली हसली. मी हात वर केला.

हे लिहून ठेवते, कारण घरात बोलायची सोय नाही. घर एकच आहे, मधे फळ्यांची भिंत. सासरे गेल्यावर ती घातली. पलीकडे धाकटा आणि धाकटी, म्हणजे माझा दीर आणि जाऊ. अलीकडे मी आणि हे. पलीकडे कुणी कूस बदलली तरी अलीकडे कळतं. शेताचंही तसंच, एकाच तुकड्याचे दोन भाग आणि मधे बांध.

मागच्या वर्षी ओंब्या भरत असताना हे याच बांधावर पाटाची फट बुजवत बसले होते. धाकटा त्याच्या बाजूने फवारत आला. वारा होता. त्याने थांबायला हवं होतं, तो थांबला नाही. सगळा फवारा ह्यांच्या अंगावर, आणि हातातलं काम टाकून उठतील ते हे कसले. दुपार व्हायच्या आत हे बांधावर आडवे झाले. डॉक्टर विचारत होते कुठलं औषध, आणि कुणाला सांगता येईना, कारण डबा धुऊन कुठेतरी फेकलेला. त्यात फार वेळ गेला. जीव वाचला, हात गेले. म्हणजे आहेत, पण थरथरतात. आसपासचे सगळे पंप, सायकली, घड्याळं ज्या हातांनी दुरुस्त व्हायची त्यांना आता कप धड धरता येत नाही.

आणि धाकट्याने लोकांना काय सांगितलं, तर ऊन लागलं.

मला फार काही नको. जमीन नको, भांडण नको. त्याच बांधावर उभं राहून माझ्याकडे बघून त्याने म्हणायचं, माझ्या हातून झालं. तीन शब्द. त्याच्या औषधाशिवाय त्याच्याहून जास्त गहू काढून दाखवीन, चारचौघांत त्याची मान खाली घालायला लावीन, आणि मग म्हणीन, आता बोला भाऊजी. तोवर हा डूख मी सोडणार नाही.

२ डिसेंबर

गहू चांगला उगवून आला. कीडवालीच्या सांगण्यावरून बांधालगत माझ्या बाजूला मोहरीची एक ओळ पेरली आहे. मोहरीवर मावा लवकर येतो. मावा म्हणजे पानाला चिकटून रस पिणारे ते बारीक किडे. मोहरीवरचा मावा गव्हाला लागत नाही, पण त्याला खायला ढालकिडे येतात, लाल पाठीवर काळे ठिपके असलेले. तिथेच ते अंडी घालतात, वाढतात, आणि पुढे गव्हावर मावा आला की तिकडे जातात. कीडवाली म्हणते, काकू, पाहुणे आधी बोलावून ठेवायचे, जेवण मागून येतंच.

ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, चांगलं आहे, पण कुणाच्या नाकावर टिच्चून शेती करू नये. मी म्हटलं, म्हणून तर बांधाला लागून पेरली, नाक जवळ पडतं. हे हसले. हसताना कपातला चहा सांडला, तो मी फडक्याने पुसला.

१७ डिसेंबर

धाकट्याने औषधाचे डबे सामाईक खोलीतून हलवले. इतकी वर्षं पंप, दोऱ्या, औषधं सगळं एकाच खोलीत असायचं. आता त्याने स्वतःच्या बाजूला पत्र्याचं कपाट आणलं, त्यात डबे ठेवले आणि कुलूप लावलं. किल्ली कमरेला.

म्हणजे मी चोर. किंवा मी त्याच्या डब्यात काही कालवीन असं त्याला वाटतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. मी धाकटीला नळावर विचारलं, आमच्यापासून एवढं काय लपवायचं आहे. ती म्हणाली, ताई, लपवायचं नाही, उघडं नको म्हणाले. मी म्हटलं, वर्षभर उशिरा सुचलं. ती कळशी अर्धी भरलेली असतानाच उचलून गेली.

६ जानेवारी

आज बांधावर एक काठी रोवलेली दिसली. नेमकी मधोमध, जिथे हे पडले होते तिथून चार पावलांवर. काठीला कापडाची लांब चिंधी बांधलेली, वाऱ्यावर फडफडत होती. मला लगेच कळलं. बांध सरकवायचा असला की माणसं आधी अशीच खूण करतात. मग वर्षभर ती खूण तिथे राहिली की म्हणतात, इथेच तर होती हद्द.

जवळ गेले आणि अंगाचा तिळपापड झाला. चिंधी ह्यांच्या शर्टाची होती. निळ्या चौकड्यांचा तो शर्ट, जो दवाखान्यात कात्रीने कापून काढला. मी तो धुऊन धुऊन पेटीत ठेवला आहे, उद्या कुणी ऊन म्हणालं तर त्याच्या तोंडावर टाकायला. घरी येऊन पेटी उघडली. शर्टाची एक पट्टी फाडलेली. पेटीला कुलूप नसतं. मी शेतात असताना धाकटी आत आली असणार, नाहीतर कोण येणार?

ह्यांना शर्ट दाखवला. म्हटलं, बघा, तुमच्या अंगावरच्या कापडाचा झेंडा करून तुम्ही पडलात तिथेच लावला आहे, याला म्हणतात जखमेवर मीठ. हे शर्टाकडे बघत राहिले. म्हणाले, राहू दे तिथे, तुझं काय जातं. असा नवरा असल्यावर दिराला शत्रू कशाला हवा.

चिंधी सोडून आणली आहे. काठी राहू दिली, वर काहीच नसलेली काठी बघून त्याला कळावं म्हणून.

१२ जानेवारी

काठीवर पुन्हा चिंधी, त्याच शर्टाची. पाटाचं पाणी बांधावर आलं होतं, चप्पल रुतत होती, तरी जाऊन सोडून आणली. या वेळी पेटीला कुलूप घातलं.

धाकटा हल्ली फवारायला उजाडता उजाडता जातो. पूर्वी चांगला न्याहारी करून, सगळ्यांशी गप्पा मारून जायचा. आता चोरासारखा. गेल्या आठवड्यात तर दोनदा पंप भरून गेला, बांधावर नुसता उभा राहिला आणि भरलेला पंप घेऊन परत आला. शेजारीपाजारी हसतात. मीही हसले.

२१ जानेवारी

माझ्या गव्हावर मावा आला.

सकाळी नागमोडी चालत, थांबत थांबत ताटं बघितली. वरच्या पानाच्या बेचक्यात हिरवे ठिपके. कीडवालीने सांगितलेल्या मर्यादेच्या आत आहेत, पण वाढताहेत. माझ्या डोळ्यांसमोर काळी पडलेली, चिकट झालेली ओंबी आणि बांधावर उभा राहून हसणारा धाकटा. औषधवाल्याकडे जायला निघालेच होते. चप्पल घालून दारात उभी राहिले. हे म्हणाले, हंगामभर मोजायचं ठरलं होतं ना, मग मोज. एवढंच. मी चप्पल काढली.

कीडवालीला बोलावलं. तिने पानं उलटी करून दाखवली. माव्याच्या मधे एक काळपट, नारिंगी ठिपक्यांची, काटेरी अळी. मी ती चिरडायलाच निघाले होते. ती म्हणाली, काकू, हेच ढालकिड्याचं पोर, आईबापांपेक्षा जास्त खातं. चार दिवस थांबा. इतकं कुरूप आणि इतकं कामाचं लेकरू मी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी धाकट्याने सगळं शेत फवारून घेतलेलं कळलं. त्याचा गहू स्वच्छ, पानावर एक ठिपका नाही. रस्त्यावर चार माणसं होती, त्यांच्या देखत मला म्हणाला, वहिनी, तुमच्या शेतात किड्यांची शाळा भरली म्हणे. मी म्हटलं, भरली, तुमची जागा रिकामी ठेवली आहे. लोक हसले, पण माझ्यावर जास्त हसले. मला माणूस ओळखता येतो. तो हसला तेव्हा त्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतं, माझ्या मागे उभ्या असलेल्या ह्यांच्या हातांकडे होतं. बघत बसा म्हणावं, तुमचीच करणी आहे.

३० जानेवारी

आज मनासारखं झालं, पहिल्यांदा.

माझ्या गव्हावरचा मावा ओसरला. जिथे ठिपके होते तिथे रिकामी सालं चिकटली आहेत. आणि पलीकडे, धाकट्याच्या धुतल्यासारख्या गव्हावर, मावा परत आला आहे. आधीपेक्षा दाट. बांधावरूनसुद्धा पानं चिकट दिसतात.

कीडवालीने कारण सांगितलं. औषधाने मावा मेला तसे ढालकिडेही मेले. मावा झपाट्याने वाढतो, ढालकिडा सावकाश. म्हणजे राखणदार मारला आणि चोराला रान मोकळं. ती म्हणाली, तुमच्या दिरांना सांगा, आता लगेच काही मारू नका, थोडा दम धरा, तुमच्या मोहरीवरचे ढालकिडे आपणहून पलीकडे जातील. मी म्हटलं, सांगते.

नाही सांगितलं. सांगणारही नाही.

दुपारी नळावर धाकटीने विचारलं, ताई, तुमच्याकडे कसा नाही हो मावा? मी म्हटलं, नशीब. ती खरं मानून गेली. चेहरा उतरलेला होता. तिचं वाईट वाटलं, पण थोडंच.

आणखी एक बघितलं. धाकट्याचा पंप गळतो आहे. झाकणापासून पाठीवर ओल उतरते, सदरा कमरेपर्यंत भिजलेला. पूर्वी असं झालं की हे दोन मिनिटांत आतली रबरी चकती बदलून द्यायचे. आता कोण देणार? ज्याने हात घालवले त्याचाच पंप गळतो आहे, यात कुठेतरी न्याय आहे. गळू दे.

३ फेब्रुवारी

धाकटा जास्त कडक औषध घेऊन आला. पलीकडे नवराबायको बोलत होती ते फळ्यांतून ऐकलं. ती म्हणत होती, एवढ्यात नको. तो म्हणत होता, ओंबी निघाली आहे, आता नाही तर कधी.

जेवताना ह्यांनी विचारलं, बाईंनी माव्याचं काही सांगितलं का, धाकटा विचारत होता. मी म्हटलं, काही नाही. ह्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मी पाणी आणायला उठले. आजवर ह्यांच्याशी खोटं बोलले नव्हते. बोलल्यावर वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं.

चिंधी तिसऱ्यांदा आली. त्याच शर्टाची, पेटीला कुलूप असताना. आता मात्र कमाल झाली. या खेपेला चिंधी तर सोडलीच, काठीही उपटली आणि पाटात फेकली. वाहत गेली. आता काय रोवतो बघू.

५ फेब्रुवारी

सकाळपासूनचं क्रमाने लिहिते, म्हणजे डोकं जागेवर येईल.

मी मोहरीत बसून पानं तपासत होते. धाकटा पंप पाठीवर घेऊन बांधावर आला. आज ऊन वर आलं होतं, त्याला उशीर झाला होता. काठीच्या जागी येऊन थांबला. खाली बघितलं, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. वाकून गवतात हात फिरवला. मी मोहरीआडून बघत होते आणि मला गंमत वाटत होती, हे लिहायलाच हवं. मग त्याने हद्दीवरच्या झाडाकडे बघितलं, त्याची पानं हलत नव्हती. तो शेतात उतरला.

अर्धं शेत होईपर्यंत ठीक होतं. मग वारा फिरला. फवाऱ्याचं धुकं उलटं त्याच्या तोंडावर. सगळे त्याच्यासारखेच फवारतात, उघडे हात, तोंडाला रुमाल. त्याने तोंड वळवलं आणि मागे फिरला, पण पाठ तर आधीच भिजलेली होती. थोडं चालला आणि खाली बसला.

मी उठले नाही. मनात म्हटलं, बस, कळू दे कसं वाटतं. किती वेळ गेला माहीत नाही, फार नसेल. मग तो कुशीवर कलंडला, आणि तोंडातून लाळ आली. ह्यांच्या तोंडातून आली होती तशीच.

पुढचं मी ठरवून केलं नाही. वर्षभर मनात तेच घोळत होतं, मागच्या वर्षी काय करायला हवं होतं आणि केलं नाही. बियाण्याच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या हातांत घातल्या. पंपाचे पट्टे सोडवले. सदरा फाडून काढला, बाकीचे कपडेही काढले. दिराच्या अंगाला हात लावायची वेळ कधी येईल असं वाटलं नव्हतं. हाका मारल्या, धाकटी धावत आली, मागोमाग हे. पाटाच्या पाण्यापासून लांब, शेतातल्या पाण्याच्या नळीखाली त्याला ओढलं. साबण, पाणी, परत साबण, केसांत, कानामागे, नखांत. ती त्याला ओकारी काढायला निघाली होती, तिला ओरडले की तोंडात काही घालायचं नाही. म्हटलं, डबा आण, लेबल असेल तसा, धुवायचा नाही. ती जागची हलेना. मग मी तिला म्हटलं, "मागच्या वर्षी डबा नव्हता म्हणून ह्यांचे हात गेले. पळ."

ती पळाली. कपाटाची किल्ली त्याच्या कमरेच्या करगोट्याला होती, ती मी आधीच काढून तिच्या हातात दिली होती. शेजाऱ्याच्या गाडीत घातलं. डॉक्टरांनी लेबल वाचलं आणि सुई भरली, एक प्रश्न विचारावा लागला नाही.

गाडीत तो ह्यांच्या मांडीवर डोकं ठेवून होता. हे दोन्ही थरथरत्या हातांनी ते धरून होते. तो पुटपुटत होता, "दादा, चिंधी नव्हती रे. वारा कळला नाही." हे म्हणाले, "कळलं, गप्प पड."

बरळत होता. औषध डोक्यात गेलं की माणूस काहीही बोलतो.

६ फेब्रुवारी

तो शुद्धीवर आहे. बरळला ते अजून कानात आहे.

८ फेब्रुवारी

दवाखान्याच्या बाकावर दुपारी ह्यांना विचारलं. खरं तर विचारायची गरज उरली नव्हती.

शर्टाची पट्टी ह्यांनीच फाडून दिली होती. पहिलीही, दुसरीही, आणि मी कुलूप घातल्यावर तिसरीही, कारण कुलपाच्या दोन किल्ल्यांतली एक ह्यांच्याच खिशात असते. हे मला सुचलं नाही, कारण मला चोर पलीकडचाच हवा होता. धाकटा ह्यांच्याकडे आला होता. फवारायच्या आधी वारा कुठल्या बाजूचा आहे, किती आहे हे लांबून दिसावं म्हणून बांधावर काहीतरी हलकं लावायचं होतं. ह्यांनी तो शर्ट काढून दिला. म्हणाले, याची लाव, म्हणजे विसरणार नाहीस. पहाटे वारा पडलेला असतो म्हणून तो उजाडता उजाडता जायचा, आणि चिंधी फार फडफडली की भरलेला पंप घेऊन परत यायचा. मी हसले होते ते त्याला.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं. हे म्हणाले, "तू शर्ट दिला असतास?"

नसता दिला, हे खरं आहे.

मग मी ते तीन शब्द काढले. म्हटलं, वारा बघतो, कपाट आणतो, पण तोंडातून एक वाक्य निघालं का वर्षभरात? लोकांना ऊन सांगत फिरला. तेव्हा कळलं की ते वाक्य निघालं होतं. मागच्या वर्षी, याच दवाखान्यात, ह्यांच्या उशाशी. रडत म्हणाला, पुन्हा पुन्हा म्हणाला. ऊन त्याने घाबरून सांगितलं आणि मग ते परत घ्यायची लाज वाटली. माझ्यासमोर यायची त्याची छाती झाली नाही. हे म्हणाले, मी त्याला म्हटलं, मला सांगितलंस तेवढं पुरे.

पुरे. ह्यांना पुरे. म्हणजे वर्षभर मी ज्याच्यासाठी दात धरून बसले तो माणूस केव्हाच माफ करून मोकळा झाला होता, आणि मला कुणी सांगायला आलं नाही. मला धाकट्याचा राग आला, ह्यांचा त्याहून जास्त. मी म्हटलं, हात तुमचे गेले, पण तुमच्या हातांचं सगळं काम वर्षभर मी केलं आहे. मलाही कुणीतरी सांगायचं होतं. ह्यांनी मान खाली घातली. जी मान मला खाली घालायला लावायची होती ती ही नव्हती.

मी पाटात काय फेकलं ते ह्यांना सांगितलं नाही. ह्यांनीही विचारलं नाही.

२० फेब्रुवारी

धाकटा घरी आला. अशक्त आहे, पण हात स्थिर आहेत. मी आधी हातच बघितले.

काल धाकटीला घेऊन त्यांच्या शेतात गेले आणि पानं उलटून दाखवली. माझ्या मोहरीवरचे ढालकिडे बांध ओलांडून पलीकडे गेले आहेत, मला न विचारता. ज्या अर्ध्या शेतात फवारा पोचला नव्हता तिथे तर रांगच लागली आहे. तिला म्हटलं, आता काही मारायचं नाही, मोजायचं. कसं मोजायचं ते शिकवलं. ती म्हणाली, ताई, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं? मी म्हटलं, होतं. तिने पान हळूच सोडलं आणि पुढच्या ताटाकडे गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आज हे आणि मी धाकट्याचा पंप दुरुस्त केला. हे सांगत होते आणि मी करत होते. आधी साबणाने धुतला, मग झाकण उघडलं, जुनी चकती काढली. ती चिरलेली होती. उलटी बसवशील, हे म्हणाले. मी उलटीच बसवली होती. मग सुलटी बसवली, पाणी भरून पाठीवर घेतला, हे मागे उभे राहून बघत होते. थेंब नाही.

४ मार्च

गव्हाचा चीक घट्ट झाला. आता दाणा आपला आपण भरेल. मी जिंकणार असं दिसतं. माझ्या ओंब्या त्याच्याहून भरलेल्या आहेत, कीडवाली उद्या आणखी शेतकरी घेऊन बघायला येणार आहे. चारचौघं, बांध, सगळं माझ्या मनासारखं जुळून आलं आहे.

आज सकाळी नवी काठी घेऊन बांधावर गेले. तिन्ही चिंध्या माझ्याजवळ होत्या, एकावर एक बांधल्या. धाकटा कधी मागे येऊन उभा राहिला कळलं नाही. पहिल्यांदाच इतकं चालला होता. बांधावर बसला. मी पाठ न वळवता गाठ मारत राहिले. वर्षभर मी हे मनात रंगवलं होतं, तो उभा आणि मी ऐकतेय. आता तो बसलेला होता आणि उभी मी होते.

तो म्हणाला, "तुम्हीच काढत होतात, ठाऊक होतं मला. ओल्या बांधावर तुमच्या चपलेचे ठसे असायचे."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत. तो म्हणाला, "म्हटलं, काढू देत. वहिनींना तेवढं करू दे."

वर्षभर माणसाला पाण्यात बघावं आणि त्याने आपल्याला तेवढी मुभा दिलेली असावी. मग तेच बोलले जे मला येत होतं, कारण ते मी त्याच्यासाठी इतक्या वेळा घोकलं होतं की तोंडपाठ होतं.

"माझ्या हातून झालं."

तो खाली बघत होता. जिथे हे पडले होते तिथे.

"माझ्याही," तो म्हणाला.

माझा राग गेला असं कुणी समजू नये. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि मी काही सुंभाहून वेगळी नाही. उद्या लोक आले की गव्हाबद्दल मीच बोलणार, आणि माझ्या ओंब्या जास्त भरल्या हेही सांगणार. काठीचं कुणी विचारलं तर ती कशासाठी आहे ते त्याने सांगावं, असं ठरलं आहे.

मग तो उठायला लागला, त्याला उठवेना, म्हणून मी हात दिला. त्याने चिंधीकडे बघून विचारलं, वारा कुठल्या बाजूचा आहे. मी म्हटलं, तुमच्याकडून आमच्याकडे. तो म्हणाला, मग आज नाहीच.

फवारायचं तसंही काही नव्हतं.